पाच डॉलरचा पोकर आणि त्याची समीक्षा : प्रकल्प नोंदी

8 जुलै 2024

दिवाळी अंकाच्या डिजिटल खेळांवरील विभागासाठी मी जो लेख स्वीकारला आहे, त्याचा विषय आज पक्का झाला. टेलटेल गेम्स या कॅलिफोर्नियातील कंपनीने नोव्हेंबर 2010 मध्ये आणलेल्या 'पोकर नाइट अ‍ॅट द इन्व्हेंटरी' या विनोदी आणि अतिशय स्वस्त खेळाचे समीक्षकांनी कसे स्वागत केले, त्यांनी काय वाखाणले, कशाला नावे ठेवली आणि या दोन्हींमागे त्यांची मोजपट्टी कोणती होती, हे मला तपासायचे आहे. खेळाची ओळख करून देणे हा लेखाचा हेतू नाही. ओळख लागेल तेवढीच येईल.

हाच खेळ का, असे संपादकांनी विचारले होते. माझे उत्तर असे की मोठ्या, महागड्या खेळांची समीक्षा कशी होते हे वाचकांना साधारण ठाऊक असते, परंतु ज्याची किंमत सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी आहे अशा खेळापुढे समीक्षक बहुधा गोंधळतो. किंमत कमी म्हणून दोष माफ करावेत, की खेळ तो खेळ असे मानून एकाच फूटपट्टीने मोजावे, हा प्रश्न या एका खेळाच्या समीक्षांत फार स्पष्ट दिसतो. आपल्याकडे फोनवरच्या रमीपासून तीन पत्तीपर्यंत पत्त्यांचे खेळ लाखो लोक खेळतात, पण त्यांच्याबद्दल गुणदोषांची चर्चा करणारे लेखन क्वचितच वाचायला मिळते. त्यामुळे हा विषय दूरचा असला तरी वाचकाला परका वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

11 जुलै 2024

खेळाचे वर्णन करणारा मजकूर आज लिहून काढला. अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती आणि त्या काळात चोरून चालणारे पेयगृहांचे जे अड्डे निर्माण झाले, तशाच एका तळघरातील क्लबात हा डाव रंगतो. क्लबाचे नाव इन्व्हेंटरी. तेथे स्वागताला उभा असलेला रेजिनाल्ड व्हॅन विन्स्लो हे पात्र टेलटेलच्याच 2009 सालच्या 'टेल्स ऑफ मंकी आयलंड' या साहसखेळातून आलेले आहे. खेळाडू स्वतः कधीच दिसत नाही. आपण टेबलाच्या एका बाजूला बसलेलो असतो आणि समोर चौघे असतात.

हे चौघे म्हणजेच या खेळाचे भांडवल. 'सॅम अँड मॅक्स' या चित्रकथेतील आणि खेळांतील हिंसक, उतावळा, सशासारखा दिसणारा मॅक्स. 'होमस्टार रनर' या संकेतस्थळावरील व्यंगचित्रपटांतील मुखवटाधारी, बढाईखोर स्ट्राँग बॅड. 'पेनी आर्केड' या वेबवरील चित्रमालिकेतील बोलबच्चन टायको. आणि व्हॉल्व्ह कंपनीच्या 'टीम फोर्ट्रेस 2' या नेमबाजीच्या खेळामधील धिप्पाड रशियन बंदूकधारी हेवी. चार वेगवेगळ्या मालकांची पात्रे एका टेबलाभोवती आणणे हे कायदेशीर करारांच्या दृष्टीने सोपे काम नव्हते, आणि लेखाच्या शेवटच्या भागात हा मुद्दा पुन्हा लागणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

खेळाचे नियम टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराचे, तेही बोलीला मर्यादा नसलेल्या प्रकाराचे. प्रत्येकाला दोन पाने मिटलेली मिळतात, मध्ये पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात आणि या सातांतून पाच पानांचा सर्वांत चांगला हात करायचा असतो. प्रत्येकाने 10,000 डॉलर घेऊन बसायचे आणि एकाकडे सगळे 50,000 येईपर्यंत खेळायचे. दुसरा कोणताही प्रकार नाही, आणि दुसऱ्या माणसाबरोबर खेळण्याची सोयही नाही.

17 जुलै 2024

आज 2010 सालची पार्श्वभूमी नीट लावली, कारण तिच्याशिवाय समीक्षकांचा सूर कळत नाही.

2003 मध्ये ख्रिस मनीमेकर या हिशेबनीस तरुणाने इंटरनेटवरच्या पात्रता स्पर्धेतून वाट काढत पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली आणि 25 लाख डॉलर मिळवले. त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत पोकरची लाटच आली. टीव्हीवर पोकर, संगणकावर पोकर, फोनवर पोकर, फुकट पोकर, पैशांचा पोकर, असे सगळीकडे तेच होते. टेलटेलचे स्वतःचे पहिले प्रकाशनही, 2005 सालचे, टेक्सास होल्डेमचाच खेळ होते, आणि त्यातही बोलकी विनोदी पात्रे प्रतिस्पर्धी म्हणून बसवलेली होती. म्हणजे 2010 ची कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. पाच वर्षांपूर्वी अनोळखी पात्रांवर करून पाहिलेली गोष्टच या वेळी कंपनीने लोकप्रिय पात्रे घेऊन पुन्हा केली.

याचा अर्थ असा, की नोव्हेंबर 2010 मध्ये केवळ पोकर खेळायला मिळावा म्हणून हा खेळ विकत घेण्याचे कोणालाही कारण नव्हते. समीक्षकांना हे पक्के ठाऊक होते. त्यामुळे बहुतेकांनी पोकरचा भाग दोन-चार वाक्यांत उरकला आणि उरलेली जागा पात्रांच्या बोलण्याला दिली. मला वाटते, येथेच त्यांच्या मोजपट्टीने पहिले वळण घेतले. खेळाच्या नावातच पोकर असताना पोकरची परीक्षा जवळजवळ ऐच्छिक ठरली.

किंमत 4.99 डॉलर होती. त्या वेळच्या सुमारे 45 रुपये दराने सव्वादोनशे रुपयांच्या आत. मोठे नवे खेळ तेव्हा अमेरिकेत साठ डॉलरना विकले जात, म्हणजे हा त्यांच्या बाराव्या हिश्श्यात मिळत होता. भारतात मात्र स्टीम या संगणकखेळांच्या ऑनलाइन दुकानात तेव्हा रुपयांत किमती नसत आणि पैसे भरायला आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारे कार्ड लागे, म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हा खेळ कागदावर स्वस्त असूनही सहज हाती लागणारा नव्हता. ही गोष्ट लेखात एका वाक्यात सांगेन. ती महत्त्वाची आहे, पण अमेरिकी समीक्षेच्या चर्चेत तिचे स्थान तेवढेच आहे.

22 जुलै 2024

'टीम फोर्ट्रेस 2' मधील बक्षिसांचा मुद्दा स्वतंत्रपणे लिहायला हवा. डाव चालू असताना कधीकधी एखादे पात्र पैसे कमी पडतात म्हणून स्वतःची एखादी वस्तू पणाला लावते. हेवी आपली बंदूक लावतो, मॅक्स आपले पिस्तूल किंवा पोलिसी बिल्ला लावतो, टायको घड्याळ लावतो आणि स्ट्राँग बॅड आपला चष्मा. त्या पात्राला आपणच बाहेर काढले, तर ती वस्तू 'टीम फोर्ट्रेस 2' मध्ये आपल्याला कायमची वापरायला मिळते. दुसऱ्या कोणी बाहेर काढले, तर त्या खेपेपुरती ती हातची जाते.

समीक्षकांनी याकडे बहुतांशी जोडबक्षीस म्हणून पाहिले. माझे मत वेगळे आहे. खोट्या पैशांच्या पोकरमध्ये हरण्याचे दुःख नसते आणि त्यामुळे बोली लावताना हात आखडत नाही. ही पाच बक्षिसे हीच या खेळातील एकमेव खरी पणाला लागणारी गोष्ट आहे. ज्या डावात बंदूक टेबलावर आहे, तो डाव खेळाडू निराळ्या सावधपणाने खेळतो. ज्या समीक्षकाला 'टीम फोर्ट्रेस 2' खेळायचाच नव्हता, त्याच्यासाठी पोकरचा ताण पहिल्यापासून उणा होता, आणि तरीही दोन्ही प्रकारच्या समीक्षकांनी एकाच खेळाला गुण दिले.

30 जुलै 2024

समीक्षांचे वाचन पूर्ण झाले. एकूण स्वागताला संमिश्र म्हणावे लागेल, पण संमिश्र या शब्दाने फार काही कळत नाही. निरनिराळ्या समीक्षकांची मते परस्परविरोधी नव्हती. जवळजवळ सर्वांना तेच गुण आणि तेच दोष दिसले होते. फरक होता तो वजनाचा.

गुण कोणते, यावर एकमत होते. लेखन चुरचुरीत आहे, पात्रांचे स्वभाव मूळ कृतींशी इमान राखून आहेत, आणि एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकत्र बसून गप्पा मारतात यातच निम्मी गंमत आहे. आवाजांबद्दलही कौतुकच होते. स्ट्राँग बॅडला त्याचा निर्माता मॅट चॅपमन यानेच आवाज दिला आहे आणि हेवीला गॅरी श्वार्ट्झ यांनी, म्हणजे 'टीम फोर्ट्रेस 2' मधील मूळ नटाने. ओळखीच्या पात्राच्या तोंडी परका आवाज आला की श्रोता लगेच दूर होतो. येथे तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय समीक्षकांनी मोकळेपणाने दिले.

दोषही सर्वांना सारखेच दिसले. काही तासांतच वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागतात. संगणकाचे खेळाडू पोकर विचित्र खेळतात. खेळाचा एकच प्रकार आहे. दृश्य मांडणी साधी आहे.

मग वजन कशाने ठरले? किंमतीने. जवळजवळ प्रत्येक समीक्षेच्या शेवटच्या भागात पाच डॉलरचा उल्लेख येतो, आणि तो आला की वाक्याचा रोख बदलतो. आधीच्या परिच्छेदात ज्या पुनरुक्तीला कंटाळवाणी म्हटलेले असते, तीच किंमत आठवल्यावर समजून घेण्याजोगी होते. मी या वळणावर लेखाचा मुख्य भाग उभा करणार आहे. स्वस्त वस्तूकडून कमी अपेक्षा ठेवणे चूक नाही, पण समीक्षकाचे काम अपेक्षा कमी करणे नव्हे. दोष कोठून येतो आणि तो पैशांअभावी आला की विचाराअभावी, हे सांगणे हे त्याचे काम आहे. अधिक पात्रे नसणे, अधिक टेबले नसणे, दोन माणसांनी मिळून खेळण्याची सोय नसणे, या पैशांअभावीच्या गोष्टी आहेत. पुनरुक्तीचे तसे आहे का, हे आधी तपासले पाहिजे.

4 ऑगस्ट 2024

पुनरुक्तीचे गणित आज मांडले. लेखात ते थोडक्यात येईल, येथे पूर्ण ठेवतो.

समजा, एखाद्या पात्राने पाने टाकून डाव सोडला की बोलण्यासाठी दहा वाक्ये ध्वनिमुद्रित केलेली आहेत आणि दर वेळी त्यांतील कोणतेही एक, आधीचे काही लक्षात न ठेवता, निवडले जाते. पहिल्या वेळी पुनरुक्ती होऊच शकत नाही. दुसऱ्या वेळी नवे वाक्य येण्याची शक्यता दहात नऊ, तिसऱ्या वेळी दहात आठ, चौथ्या वेळी दहात सात. या तिन्हींचा गुणाकार सुमारे 0.50 येतो. म्हणजे चार वेळा डाव सोडेपर्यंतच एखादे वाक्य पुन्हा ऐकू येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या जवळ पोहोचते आणि पाचव्या वेळेपर्यंत ती सत्तर टक्के होते. होल्डेममध्ये डाव सोडणे ही सर्वांत नेहमीची कृती आहे. चार प्रतिस्पर्धी असताना पाच वेळा डाव सोडायला एखाद्या पात्राला पाव तासही लागत नाही.

आता ध्वनिमुद्रणाचा खर्च दुप्पट करून वीस वाक्ये केली असे धरू. पाचव्या वेळेपर्यंत पुनरुक्तीची शक्यता बेचाळीस टक्के आणि सहाव्या वेळेपर्यंत छप्पन टक्के येते. म्हणजे खर्च दुप्पट झाला, आणि पहिली पुनरुक्ती जेमतेम एक-दोन डाव पुढे गेली. पैसे ओतून हा दोष जात नाही. जातो तो निवडीची पद्धत बदलून. पत्त्यांचा कॅट पिसून एकेक पान वरून काढत जावे आणि सगळी पाने संपल्याशिवाय पुन्हा पिसू नये, तशी वाक्येही काढली, तर दहा वाक्यांत दहा वेळा नवेच ऐकू येते. पत्त्यांचाच खेळ करणाऱ्यांना ही युक्ती सुचायला फार लांब जावे लागत नाही. त्याहून चांगले म्हणजे गप्प राहण्याचे प्रमाण वाढवणे. खरी माणसे प्रत्येक डाव सोडताना बोलत नाहीत, आणि दीर्घ शांततेनंतर आलेले जुने वाक्यही तितके खटकत नाही.

विनोदाच्या बाबतीत हा दोष अधिक भोवतो. माहिती देणारे वाक्य दुसऱ्यांदा ऐकले तर ते निरुपयोगी होते, एवढेच. विनोद दुसऱ्यांदा ऐकला की पात्राचा जिवंतपणाच संशयास्पद होतो, कारण समोरच्याने हे आपल्याला आधीच सांगितले आहे हे त्याच्या लक्षात नाही, हे उघड पडते. चौघांच्या आपापसांतील लांब संवादांना याचा त्रास उशिरा होतो. छोट्या शेऱ्यांना लगेच होतो. समीक्षकांनी दोन्हींना एकाच तक्रारीत गुंडाळले. ते वेगळे केले असते, तर करणाऱ्यांना त्यांच्या टीकेचा उपयोग झाला असता.

आणखी एक गोष्ट. समीक्षक साधारणपणे काही तास खेळून लिहितो. पाचही बक्षिसे हवी असलेला ग्राहक त्याच्या कितीतरी पट खेळतो, कारण पात्र वस्तू कधी पणाला लावील हे त्याच्या हाती नसते. ज्या दोषाची तीव्रता वेळेबरोबर वाढत जाते, त्याचे माप समीक्षकाच्या घड्याळाने घेतले तर ते कमीच भरणार.

15 ऑगस्ट 2024

सुट्टीचा दिवस असल्यामुळे मामा घरी आले होते. ते तीन पत्तीत मुरलेले आहेत, होल्डेमचे नियम त्यांना माझ्याकडून ऐकून ठाऊक आहेत आणि समोरच्या चौघांपैकी एकही पात्र त्यांनी पूर्वी पाहिलेले नाही. या खेळाची गंमत केवळ ओळख असलेल्यांसाठी आहे, असे बऱ्याच समीक्षकांनी म्हटले होते; ते पारखण्यासाठी मला असाच माणूस हवा होता. माझ्याकडे खेळ जुन्या खरेदीमुळे आहे. तो चालू केला, आणि इंग्रजी संभाषण मी जमेल तसे मराठीत सांगत गेलो.

संदर्भांवर उभे असलेले विनोद त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत, हे अपेक्षित होते. हेवीचे मात्र त्यांना पहिल्या काही मिनिटांत कळले. एवढा आडदांड माणूस नाजूक पाने बोटांत धरून मनापासून विचार करतो, यात भाषांतर करण्यासारखे काही नव्हते. स्ट्राँग बॅडच्या बढायाही त्यांना भाषेशिवाय ओळखू आल्या. म्हणून ओळखीचा मुद्दा मी लेखात जरा सौम्य करणार आहे: ओळख असेल तर अधिक मिळते, नसेल तर हाती काहीच लागत नाही असे नाही.

खरा उपयोग पुढे झाला. माझ्या हातात किलवरचा राजा आणि किलवरची राणी होती. मधल्या तीन पानांत दोन किलवर उघडली. टेबलावर 4,000 जमले होते आणि मॅक्सने आणखी 4,000 लावले. पाचवे किलवर आले की एकाच रंगाच्या पाच पानांचा मोठा हात झाला असता; त्यासाठी नऊ पाने शिल्लक, पुढे दोन पाने उघडायची. म्हणजे सुमारे पस्तीस टक्के. 12,000 च्या ढिगासाठी 4,000 घालायचे तर तेहतीस टक्क्यांची शक्यता पुरे. पुढच्या पानावर पुन्हा बोली लागू शकते हे धरले, तर हिशेब काठावरचा होता, आणि अशा वेळी माणूस आकडे सोडून समोरच्याकडे पाहतो. मामांनीही तेच केले. मॅक्स काय बोलतो आहे ते त्यांनी मला विचारले. तो टायकोशी भलत्याच विषयावर बोलत होता.

"अरे, हा बोलतोय एक आणि खेळतोय एक," मामा म्हणाले. "तीन पत्तीत माणूस बडबड करतो ती पान लपवायला. ह्याच्या बडबडीचा पानाशी काही संबंधच नाही."

माझ्या लेखाला जे म्हणायचे आहे, ते या बोलण्यात जवळजवळ पूर्ण आले आहे. समीक्षकांनी बोलणे आणि पोकर यांचे दोन स्वतंत्र हिशेब मांडले आणि एकात उत्तम व दुसऱ्यात बरा, असे गुण दिले. परंतु पोकर हा असा खेळ आहे ज्यात बोलणे हीच एक चाल असते. गप्पा पानांपासून सुटल्या की दोन्हींचे नुकसान होते: पोकर मुका होतो आणि विनोद रेडिओसारखा पार्श्वभूमीला वाजत राहतो. डाव आणि संवाद यांची सांगड सुटली आहे, एवढे एक वाक्य समीक्षांत ठळकपणे आले असते, तर पुनरुक्ती, विचित्र बोली आणि कंटाळा या तिन्ही तक्रारींचे मूळ एकत्र दिसले असते.

25 ऑगस्ट 2024

'पोकर नाइट 2' वरची टिपणे पूर्ण केली. हा दुसरा भाग एप्रिल 2013 मध्ये आला आणि या वेळी संगणकाबरोबर एक्सबॉक्स 360 आणि प्लेस्टेशन 3 वरही आला. पात्रे बदलली: 'बॉर्डरलँड्स' या खेळातील क्लॅपट्रॅप, 'द व्हेंचर ब्रदर्स' या व्यंगचित्रमालिकेतील ब्रॉक सॅमसन, 'आर्मी ऑफ डार्कनेस' या चित्रपटातील अ‍ॅश आणि मॅक्सचा जोडीदार सॅम. पाने वाटायला 'पोर्टल' या खेळातील ग्लॅडॉस. बसण्याची रक्कम 20,000 झाली आणि होल्डेमबरोबर ओमाहाही आला, ज्यात हातात चार पाने असतात आणि त्यांतील नेमकी दोनच वापरावी लागतात.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची भर लहानशी आहे. या भागात प्रतिस्पर्ध्याला पेय पाजता येते, आणि पेय पोटात गेले की त्याच्या चेहऱ्यावरच्या आणि हालचालींतल्या खुणा अधिक स्पष्ट दिसू लागतात. पात्र कसे वागते आणि त्याच्या हातात काय आहे, यांना जोडणारा हा धागा आहे. पात्रांचा स्वभाव पोकरच्या उपयोगी पडावा या दिशेने टाकलेले हे पाऊल होते, आणि मी त्याला या मालिकेतील सर्वांत चांगला विचार मानतो. ग्लॅडॉसला वाटणाऱ्याच्या जागी बसवणेही त्याच जातीचे आहे, कारण आता डावातील घडामोडीवर बोलणारा एक आवाज असा आहे ज्याला जिंकण्या-हरण्यात हितसंबंध नाही आणि म्हणून तो प्रत्येकाला टोचू शकतो.

दुसऱ्या भागाच्या समीक्षांतही लेखनाचे कौतुक आणि पुनरुक्तीची तक्रार हीच जोडी पुन्हा आली. पेयांचा उल्लेख झाला तो एक गंमत म्हणून. मला हे वाचून खरोखर वाईट वाटले. जे पाऊल मूळ दोषाच्या दिशेने पडले होते, ते ओळखले गेले नाही, कारण मूळ दोषाचे नावच तीन वर्षांपूर्वी कोणी नीट घेतले नव्हते.

1 सप्टेंबर 2024

कच्चा मसुदा तयार झाला. मामांचे वाक्य जसेच्या तसे ठेवले आहे. गणिताचा भाग दोन परिच्छेदांत बसवला आणि बक्षिसांचा भाग त्याच्या आधी आणला, कारण ग्राहक इतका वेळ का खेळतो हे कळल्याशिवाय गणिताची धार लागत नाही.

8 सप्टेंबर 2024

आज शेवटचा भाग. सप्टेंबर 2018 मध्ये टेलटेलने आपल्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढले आणि कंपनी बंद पडली. पुढच्या वर्षी तिचे नाव आणि काही हक्क दुसऱ्या कंपनीने घेतले, परंतु त्याच 2019 साली पहिला 'पोकर नाइट' पात्रांच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे स्टीमवरून विक्रीतून निघाला. ज्यांनी तो आधी घेतला होता, त्यांना तो अजूनही उतरवून घेता येतो. नव्या माणसाला मात्र तो 2019 नंतर स्टीमवर विकत घेता येईनासा झाला.

चार मालकांची पात्रे एकत्र आणण्याचा जो पराक्रम 2010 मध्ये कौतुकाचा विषय झाला, तोच खेळाच्या आयुष्याची दोरी आखूड करणारा ठरला. याउलट, टेलटेलमधील काही जुन्या लोकांनी उभारलेल्या स्कंकेप गेम्सने 'सॅम अँड मॅक्स' च्या तिन्ही मालिका नव्याने सजवून बाजारात आणल्या आणि त्यांतील तिसरी गेल्याच महिन्यात आली. तेथे परवानगी एकाच बाजूची लागत होती.

यामुळे समीक्षांच्या वाचनात एक गमतीदार नव्हे, तर गंभीर अडचण उभी राहते. ज्या निकालाचा मुख्य आधार किंमत हा होता, त्या निकालाखालची जमीनच निघून गेली आहे. "पाच डॉलरमध्ये घ्यायला हरकत नाही" या प्रकारचा निष्कर्ष 2010 च्या ग्राहकाला उपयोगी होता. 2024 च्या वाचकाला त्यातून खेळाविषयी काहीही समजत नाही. याउलट, आवाज कसे बसले आहेत, हेवी पाने कशी धरतो, कोणते विनोद ओळखीवर उभे आहेत, अशी जी निरीक्षणे काही समीक्षकांनी केली, ती आजही तितकीच वाचनीय आहेत. किंमतीवर बेतलेल्या वाक्यांना आयुष्य किंमतीएवढेच असते, असे मी लेखात ठामपणे लिहिले आहे, आणि त्याच्या पुढच्याच परिच्छेदात समीक्षकांची बाजूही मांडली आहे: त्यांच्यापुढे त्या दिवशी विकत घेऊ का असे विचारणारा वाचक उभा होता, आणि त्याला उत्तर देणे हे त्यांचे कर्तव्यच होते.

14 सप्टेंबर 2024

संपादकांच्या शंका आल्या. पहिली शंका गणितातील दहा वाक्यांच्या आकड्याबद्दल होती. तो खेळातून मोजलेला नसून उदाहरणादाखल धरलेला आहे, हे लेखात दोन ठिकाणी स्पष्ट केले. दुसरी शंका अशी की ग्राहकांच्या उत्साहाला लेखात जागा कमी मिळाली आहे. ती मला पटली, म्हणून बक्षिसांच्या भागात एक परिच्छेद वाढवला: बंदूक मिळेपर्यंत चिकाटीने बसून राहणाऱ्या खेळाडूंनी या खेळावर समीक्षकांपेक्षा जास्त वेळ आणि जास्त माया खर्च केली, आणि तो परवान्यांमुळे नाहीसा झाल्याची हळहळही त्यांनाच अधिक वाटली.

तिसरा प्रश्न चौकटीचा होता. अंकातील प्रत्येक समीक्षेखाली निर्माता, साल, किंमत आणि कोठे मिळेल या चार ओळी छापायच्या असतात. निर्माता व साल भरले. किंमतीच्या ओळीत "प्रकाशनाच्या वेळी 4.99 डॉलर" आणि शेवटच्या ओळीत "2019 पासून विक्री बंद, पूर्वीच्या खरेदीदारांच्या खात्यात उपलब्ध" असे लिहून प्रत आज पाठवली.